देश संपला, जहाज चालत राहिले

21 मे 2021 रोजी विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत आयएनएस 'राजपूत'वरचा नौदल ध्वज आणि सेवेचा लांबलचक पेनंट शेवटचा उतरवण्यात आला. कोविडची दुसरी लाट भरात होती, त्यामुळे समारंभाला फक्त तिथल्या तळावरचे अधिकारी आणि नौसैनिक. एरवी अशा दिवशी जुने कप्तान येतात, निवृत्त खलाशी बायकामुलांना घेऊन येतात, 'इथे मी झोपायचो' म्हणून बंक दाखवतात. त्या वेळी कुणालाच येता आले नाही. मुंबईत तर नौदल वेगळ्याच धांदलीत होते. तौक्ते वादळात बुडालेल्या पी-305 या बार्जवरची माणसे शोधायला 'कोची' आणि 'कोलकाता' या विनाशिका चार दिवसांपूर्वीच खवळलेल्या समुद्रात शिरल्या होत्या आणि वर्तमानपत्रांची पहिली पाने त्याच बातमीने भरली होती. एक्केचाळीस वर्षे चाललेल्या विनाशिकेच्या वाट्याला आतल्या पानावरचा एखादा परिच्छेद आला.

त्या परिच्छेदात जे यायला हवे ते आले. श्रीलंकेतले 'ऑपरेशन पवन', 1988 चे मालदीवमधले 'कॅक्टस', लष्कराच्या रजपूत रेजिमेंटशी जोडले गेलेले नौदलाचे पहिले जहाज, ब्रह्मोस क्षेपणास्त्र सोडणारे पहिले जहाज, एकूण एकतीस कप्तान. सगळे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण जहाज इतकी वर्षे चालले कशाच्या जोरावर, हे त्यात कुठेच नव्हते. ते चालले सुट्या भागांवर. सील, गॅस्केट, पंपाचे इम्पेलर, टर्बाइनची पाती, रडारमधले काचेचे व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यांची रशियन भाषेतली यादी. 'राजपूत' वर्गाच्या पाच विनाशिकांची कहाणी मला तरी त्या यादीतून वाचावीशी वाटते, कारण ज्या देशाने ती यादी बनवली तोच देश मधे नाहीसा झाला.

या जहाजांची गरज 1971 च्या युद्धाने दाखवून दिली. 4 डिसेंबरच्या रात्री सोव्हिएत बनावटीच्या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस आज नौदल दिन म्हणून पाळला जातो. पण त्या नौका मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या. त्यांचा पल्ला तोकडा होता, त्यांना कराचीच्या दिशेने ओढून न्यावे लागले होते. तीच क्षेपणास्त्रे खोल समुद्रात स्वतःच्या बळावर घेऊन जाईल, सोबत पाणबुडीही शोधेल आणि विमानावरही मारा करेल, असे मोठे जहाज हवे होते. ब्रिटनकडून 1949 मध्ये घेतलेल्या 'राजपूत', 'राणा' आणि 'रणजित' या दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका तोवर थकल्या होत्या. (विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' बुडाली तेव्हा जिचे नाव झाले ती जुनी 'राजपूत' हीच.) जहाजे निवृत्त झाली, नावे शिल्लक राहिली, आणि ती नावे घ्यायला काळ्या समुद्राच्या बाजूने नव्या विनाशिका आल्या.

त्या ज्या कुळातून आल्या त्याला सोव्हिएत नौदलात 'प्रकल्प 61' म्हणत आणि पाश्चात्त्य 'काशिन'. या कुळातले पहिले जहाज 1962 च्या अखेरीस सेवेत आले, तेव्हा जगातली ही एक नवलाई होती. एवढे मोठे लढाऊ जहाज संपूर्णपणे गॅस टर्बाइनवर चालवायचा प्रयोग त्याआधी कुणी केला नव्हता. बाष्पावर चालणाऱ्या जहाजाला बॉयलर तापवून निघायला काही तास लागत. हे जहाज काही मिनिटांत तयार. विमानाच्या इंजिनाच्या जातीची चार टर्बाइन्स, मिळून सुमारे 72 हजार अश्वशक्ती, वेग ताशी 35 सागरी मैलांच्या आसपास. वेग घेताना टर्बाइनचा असा काही सूर लागे की सोव्हिएत खलाशी या जहाजांना 'गाणारी' जहाजे म्हणत.

त्यातली बहुतेक बांधली गेली दक्षिण बूग नदीकाठच्या निकोलायेव शहरात. आज त्याला मिकोलायव म्हणतात. गोदीचे नाव '61 कम्युनार्ड', 1919 मध्ये यादवी युद्धात गोळ्या घालून मारलेल्या एकसष्ट जणांच्या स्मरणार्थ ठेवलेले. प्रकल्पाचा क्रमांकही 61 असावा हा निव्वळ योगायोग. याच गोदीच्या पूर्वावतारात झारच्या काळात 'पोटेम्किन' बांधली गेली होती, जिच्यावरचे बंड आयझेनस्टाइनच्या सिनेमामुळे फिल्म सोसायटीच्या खुर्च्या झिजवलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. टर्बाइन्स बनवणारा कारखानाही त्याच शहरात होता. या एका शहराला पुढे भारतीय नौदल किती वर्षे बांधलेले राहणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

भारताने जहाज जसेच्या तसे घेतले नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. मागची जोडतोफ काढून तिथे हेलिकॉप्टरसाठी हँगर करायला लावला, क्षेपणास्त्रेही नव्या पिढीची मागितली. म्हणून आपल्या पाच जणींना वेगळा उपक्रमांक मिळाला आणि त्यांच्यासाठी खास बनवलेले काही भाग सोव्हिएत नौदलाच्या वीस जहाजांवरही नव्हते. खरेदीच्या वेळी हा विजय होता. पुढे तोच भाग शोधायची वेळ आली तेव्हा याची किंमत कळली.

'राजपूत'चा कणा 11 सप्टेंबर 1976 ला घातला गेला, वर्षभराने जलावतरण झाले. मूळ रशियन नाव 'नादेझ्नी', म्हणजे भरवशाची. 4 मे 1980 रोजी जॉर्जियातल्या पोटी बंदरात ती भारतीय नौदलात दाखल झाली. समारंभाला होते मॉस्कोतले आपले राजदूत इंद्रकुमार गुजराल, जे पुढे पंतप्रधान झाले. पहिले कप्तान गुलाब मोहनलाल हिरानंदानी. 1971 मध्ये पश्चिमी ताफ्याचे ऑपरेशन्स अधिकारी हेच होते, म्हणजे कराचीच्या हल्ल्यांची आखणी ज्यांच्या टेबलावर झाली त्यांच्याच हाती त्या हल्ल्यांच्या धड्यातून घेतलेले जहाज आले. निवृत्तीनंतर व्हाइस अॅडमिरल हिरानंदानींनी नौदलाच्या इतिहासाचे तीन जाडजूड खंड लिहिले. लढायांइतकीच त्यात दुरुस्तीची, साठ्याची, कराराची पाने आहेत, आणि कंटाळवाणी वाटणारी तीच पाने वाचण्यासारखी आहेत. 'राणा', 'रणजित', 'रणवीर' आणि 'रणविजय' पाठोपाठ येत गेल्या आणि 1988 उजाडेपर्यंत पाचांचा कुटुंबकबिला पूर्ण झाला. 'रणजित'चे पहिले कप्तान विष्णू भागवत पुढे नौदलप्रमुख झाले.

बांधली आज युक्रेन असलेल्या देशात, ताब्यात घेतली आज जॉर्जिया असलेल्या देशात, आणि शस्त्रास्त्रांच्या बहुतेक कारखान्यांचे पत्ते आजच्या रशियातले. 1980 मध्ये हे सगळे एकाच सरकारच्या शिक्क्याखाली येत होते, म्हणून कुणी दोनदा विचार केला नाही.

आता सुट्या भागांकडे येतो. सोव्हिएत पद्धत अशी की प्रत्येक यंत्राबरोबर त्याचा स्वतःचा संच यायचा. रशियन आद्याक्षरांवरून त्याला 'झिप' म्हणत. त्यात सुटे भाग, हत्यारे, किरकोळ सामान, सगळे मोजून. एक संच जहाजावरच्या एका यंत्रासाठी, दुसरा अनेक यंत्रांत मिळून वापरायचा, तिसरा मोठ्या दुरुस्तीच्या वेळचा. ग्रीस चोपडलेले, मेणकागदात गुंडाळलेले, लाकडी पेटीत ठोकून बंद केलेले. यंत्रासोबत एक पुस्तिका, 'फॉर्म्युल्यार'. यंत्र किती तास चालले, कोणता भाग कधी बदलला, हे सगळे त्यात लिहायचे. तास भरले की यंत्र उघडून दुरुस्त करायचे नाही, ते काढून कारखान्याकडे पाठवायचे आणि दुसरे बसवायचे. आपल्याकडची ब्रिटिश वळणाची गोदी वेगळ्या तालमीत वाढली होती. यंत्र खोला, कुठे झिजले बघा, लेथवर नवे काढा, बसवा. मुंबईच्या गोदीत, लायन गेटच्या आतल्या जुन्या फिटरला 'तास भरले म्हणून चांगले चालते यंत्र काढा' हे पटणे कठीणच. दोन्ही पद्धतींत शहाणपण आहे. फक्त पहिलीला पाठीशी कारखाना जिवंत लागतो.

नौदलाच्या बोलीत या साठ्याला 'बी अँड डी स्पेअर्स' म्हणतात, म्हणजे तळावरचे आणि डेपोतले. मुंबईत त्यासाठी घाटकोपरचा नौदल डेपो होता आणि आहे. लोकलच्या खिडकीतून ज्या उपनगराकडे आपण फक्त गर्दी म्हणून बघतो तिथे आरमाराचा कणा कुलपात ठेवलेला असतो. पण सोव्हिएत जहाजांचा खरा संसार विशाखापट्टणमला. तिथली नवी गोदी सोव्हिएत मदतीने, त्यांच्याच जहाजांसाठी उभी राहिली. जहाज आणि दुरुस्तीची गोदी एकाच ठिकाणचे सल्लागार, एकाच भाषेतली चित्रे, एकच मोजमाप. कागदावर हे फार सुबक होते.

प्रत्यक्षात दोन अडचणी पहिल्या दिवसापासून होत्या. एक म्हणजे समुद्र. काळ्या समुद्राच्या आणि बाल्टिकच्या पाण्याचा हिशेब धरून बनवलेली यंत्रे बंगालच्या उपसागरात तीस अंशांच्या पाण्याने थंड करायची होती. इथली दमट खारी हवा टर्बाइनच्या कॉम्प्रेसरमध्ये मिठाचा थर देऊन जाते, तो धुऊन काढावा लागतो. जुन्या रेडिओत असत तसल्या व्हॉल्व्हवर चालणारे इलेक्ट्रॉनिक संच उष्णतेला नाजूक. शिवाय आपले नौदल जहाजे सोव्हिएत नौदलापेक्षा जास्त वापरायचे. त्यांच्याकडे एकाच कुळातली वीस होती, आपल्याकडे पाच. मग मॉस्कोच्या तक्त्यात पाच वर्षांसाठी म्हणून दिलेला भाग इथे लवकर संपे आणि दुसरा कुठलातरी भाग, ज्याला कधी हातही लागला नाही, तो पेटीत तसाच पडून राही. दुसरी अडचण नियोजित अर्थव्यवस्थेची. सोव्हिएत कारखान्याला वर्षाचे काम आधीच ठरलेले असे. त्यात आपली मागणी बसवायची तर इंडेंट खूप आधी पाठवावा लागे, म्हणजे काय मोडणार आहे हे मोडण्यापूर्वी कळवायचे.

आणि तरीही ते दिवस सुखाचे होते, असे म्हणावे लागते. किंमत माफक, कर्जाचे व्याज नाममात्र, फेड रुपयांत. आपला चहा, कपडे आणि औषधे तिकडे जात होती आणि बदल्यात टर्बाइन येत होते. सोव्हिएत माणसे भाग हात सैल सोडून देत. देत नसत ते फक्त भाग बनवायचे ज्ञान. कोणत्या मिश्रधातूचे पाते, कोणत्या तापमानाला पाणी दिलेले, किती सहनमर्यादेत कापलेले, हे त्यांच्याच कपाटात. आपल्याकडे ते विचारायची घाई नव्हती, पेटी उघडली की भाग हाती येत होता. त्या उदारपणाने आपल्याला दहा वर्षे आळशी ठेवले असे माझे मत आहे. नौदलातल्या काहींना ते कडक वाटेल.

डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. 'राजपूत' तेव्हा अकरा वर्षांची होती. सर्वांत धाकटी 'रणविजय' जेमतेम चार वर्षांची होती. विनाशिकेचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे धरतात. म्हणजे पाचही जहाजांचे बहुतेक आयुष्य पुढे होते आणि त्यांचे माहेर नकाशावर उरले नव्हते.

नेमके काय झाले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण 'पुरवठा थांबला' एवढ्यावर ते संपत नाही. एकेका यंत्राचे भाग अनेक गावांत बनत. पंप एकीकडे, त्याची मोटर दुसरीकडे, मोटरचा रबरी सील तिसऱ्याच प्रजासत्ताकात. मॉस्कोतले एक मंत्रालय हे सगळे जुळवून आणत असे. ते मंत्रालय गेले. आता मोटरवाल्या देशाला सीलवाल्या देशाला डॉलर द्यावे लागत होते आणि दोघांजवळ डॉलर नव्हते. भारताजवळ तर नव्हतेच, त्याच वर्षी आपण सोने गहाण टाकून परकी चलन उभे केले होते. रुपयातला जुना व्यवहार मोडला आणि कर्जाचा हिशेब कोणत्या दराने करायचा यावर रशियाशी घासाघीस चालू राहिली ती 1993 च्या करारापर्यंत. कित्येक कारखाने बंद पडले, कित्येकांनी लष्करी काम सोडले. जे चालू राहिले त्यांच्या दृष्टीने 1960 च्या दशकातल्या आराखड्याच्या पाच परदेशी जहाजांचे भाग म्हणजे एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची किरकोळ ऑर्डर. शिवाय मधे दलाल उगवले. माल खरा की दुसऱ्या कुठल्या जहाजावरून उतरवलेला, हे ओळखायला पेटीवरचा शिक्का पुरेसा उरला नाही.

याच कुळातले एक जहाज पोलंडकडेही होते. 'वार्शावा' नावाची ती विनाशिका पोलिश नौदलाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस घेतली आणि 2003 मध्ये सेवेतून काढून टाकली. एकुलत्या एका जहाजासाठी हा खटाटोप करणे त्यांना परवडले नाही, आणि नाटोत गेल्यावर त्यांना त्याची गरजही राहिली नाही. भारताला तो मार्ग नव्हता. पाच विनाशिका एकदम काढल्या असत्या तर पूर्वेकडच्या ताफ्यात मोठी पोकळी पडली असती, आणि बदली जहाज म्हणून माझगाव गोदीत चाललेली 'दिल्ली' स्वतःच सोव्हिएत यंत्रांची वाट बघत अडकली होती. 1991 च्या फेब्रुवारीत तिचे जलावतरण झाले, पण ती सेवेत यायला 15 नोव्हेंबर 1997 उजाडला. गोदीच्या धक्क्यावर तयार सांगाडा उभा आणि आत घालायचे सामान दुसऱ्या देशातल्या बंद कारखान्यात, अशी सहा वर्षे.

मग जे झाले ते मुंबईकराला वेगळे समजावून द्यायला नको. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावरही ती टॅक्सी कित्येक वर्षे रस्त्यावर होती, ती कुर्ल्याच्या भंगारबाजारावर आणि गल्लीतल्या मिस्त्रीवर. नौदलाने तेच केले, फक्त इथे मोडला तर माणसे बुडतील अशा भागांबाबत. पथके युक्रेन आणि रशियात जाऊन मूळ कारखाने शोधून आली. त्यातले जे जिवंत होते त्यांच्याशी थेट करार झाले. जे मिळणार नव्हते ते इथे बनवायचे ठरले, आणि हातात असलेला झिजलेला भाग मोजून, त्याचा धातू तपासून, उलट दिशेने चित्र तयार करायचे काम सुरू झाले. रबराचे सील, गाळण्या, होज पाइप, बेअरिंग, पंप यांपासून सुरुवात होते अशा कामाची. छोट्या-मध्यम कारखान्यांना हे काम किफायतशीर नसते. संख्या पन्नास-शंभर, तपासण्या डझनभर, पैसे उशिरा. तरी ते करणारे निघाले, आणि त्यांची नावे कुठल्या समारंभात वाचली गेलेली नाहीत.

टर्बाइनचे काम सर्वांत अवघड. तास भरले की टर्बाइन निकोलायेवला धाडायचे, ही पद्धत मोडल्यावर तशी सोय घरीच करणे भाग होते. विशाखापट्टणमच्या 'आयएनएस एक्सिला' या आस्थापनेत सोव्हिएत आणि युक्रेनी सागरी टर्बाइन्स उघडून, पाते-पाते तपासून पुन्हा जुळवता येऊ लागली. एके काळी पेटी उघडून भाग बदलणाऱ्या हातांनी पेटीच स्वतः भरायला शिकावे, हा फरक मला ब्रह्मोसच्या पहिल्या उड्डाणापेक्षा मोठा वाटतो. अर्थात त्याचे छायाचित्र चांगले येत नाही. जहाजांच्या रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, होणाऱ्या उशिराबद्दल महालेखापरीक्षकांच्या अहवालांत नौदलाला वेळोवेळी टोचणी मिळाली आहे आणि तीही वाजवी आहे. सहा महिन्यांचे काम दीड वर्ष चालले तर विचारणारच. पण त्या दीड वर्षात काय काय नव्याने बनवावे लागले, याला तक्त्यात रकाना नसतो.

आणि म्हातारपणी या जहाजांनी जे केले ते त्यांच्या बांधणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नसेल. 2003 च्या नोव्हेंबरात ब्रह्मोस पहिल्यांदा जहाजावरून सोडले गेले ते 'राजपूत'वरून. वय तेव्हा तेवीस. जुन्या स्टिक्स क्षेपणास्त्रांच्या जागी नव्याचे नळकांडे बसवायचे म्हणजे फक्त वजन तोलायचे नसते. वीज, थंडावा, दिशादर्शनाची माहिती, सगळ्या तारा 1970 च्या दशकातल्या आराखड्यात नव्याने ओवायच्या. डिसेंबर 2008 मध्ये 'रणवीर'वरून ब्रह्मोस सरळ उभ्या नळीतून उडाले, हालत्या जहाजावरून असे पहिल्यांदाच. नवीन शस्त्राचा प्रयोग नव्या जहाजावर करायचा नाही, जे आतून-बाहेरून पाठ आहे त्याच्यावर करायचा, यामागे मला तरी गोदीतला हिशेबी माणूस दिसतो. सुटे भाग नसल्याने ज्यांना त्या जहाजाची नस नि नस उकलावी लागली होती, त्यांनाच ती तार कुठून ओवायची हे ठाऊक होते.

'रणजित' गेली 6 मे 2019 ला. तिच्या निरोपाच्या वेळी नौदलाने सांगितलेले आकडे मी तेव्हा लिहून ठेवले. 2190 दिवस समुद्रात, 7 लाख 43 हजार सागरी मैलांहून अधिक प्रवास. पृथ्वीला पस्तीस फेऱ्या, असे सगळ्यांनी छापले. गणित थोडे वेगळे करून पाहिले तर 2190 दिवस म्हणजे बरोबर सहा वर्षे. जहाज सेवेत होते छत्तीस वर्षांना चारच महिने कमी. उरलेली जवळजवळ तीस वर्षे ती धक्क्याला, कोरड्या गोदीत किंवा नांगरावर होती. सहा वर्षांच्या समुद्रासाठी तीस वर्षांची निगा. इतर नौदलांच्या जहाजांचाही बराच काळ धक्क्याला आणि गोदीतच जातो. पण आपल्या कथा, सिनेमे आणि श्रद्धांजल्या फक्त त्या सहा वर्षांच्या असतात.

सेवेतून निघालेल्या जहाजाचा शेवटचा उपयोगही सुट्या भागांचाच. ध्वज उतरला की काही दिवसांत यादी घेऊन माणसे चढतात. बहिणींना लागेल ते काढायचे, हे जगभरच्या नौदलांचे जुने वळण आहे. पेट्यांतला साठा संपलेला, कारखाना बंद, अशा वेळी ज्या जनरेटरने कालपर्यंत दिवे लावले तोच सर्वांत खात्रीचा डेपो ठरतो. यात कुणी गळा काढत नाही. ज्या फिटरने पंधरा वर्षांपूर्वी तो पंप स्वतः बसवला, त्यानेच तो काढावा असेही घडते, आणि तो बोल्टला शिव्या घालत असतो.

म्हाताऱ्या जहाजावरची नोकरी सुरक्षित नसते, हेही या लेखात यायलाच हवे. 18 जानेवारी 2022 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'रणवीर'च्या आतल्या एका कप्प्यात स्फोट झाला. तीन नौसैनिक मृत्युमुखी पडले, अकरा जखमी झाले. ती पूर्वेकडच्या ताफ्यातून काही महिन्यांच्या कामगिरीवर पश्चिम किनाऱ्याला आलेली होती आणि लवकरच स्वतःच्या बंदरात परतणार होती. तेव्हा ती छत्तिसाव्या वर्षात होती. युद्ध नव्हते, वादळ नव्हते, जहाज धक्क्याला बांधलेले होते. शौर्याच्या कुठल्याच रकान्यात न बसणारे हे मरण या वर्गाच्या इतिहासात 'राजपूत'च्या एकतीस कप्तानांइतकेच लिहिले जायला हवे.

'राजपूत' बंद झाली त्या आठवड्यात बार्जवरची माणसे उचलणाऱ्या 'कोची' आणि 'कोलकाता' या दोघी माझगाव गोदीत जन्मल्या. सांगाडा मुंबईचा, क्षेपणास्त्रे ब्रह्मोस, आणि पोटात टर्बाइन्स मिकोलायवची. 'दिल्ली'पासून चालत आलेली ही परंपरा आहे. म्हणजे 'राजपूत'ने आपल्याला यंत्र जगवायला शिकवले, पण ते यंत्र आपण पुन्हा त्याच शहरातून घेत राहिलो. 2022 मध्ये त्या शहरावर रशियन क्षेपणास्त्रे पडू लागली आणि टर्बाइन बनवणारा झोर्या-माशप्रोएक्त कारखानाही माऱ्यातून सुटला नाही. '61 कम्युनार्ड'च्या धक्क्याला सोव्हिएत काळात सुरू केलेली 'उक्राइना' ही क्रूझर तीस वर्षे अपुरी उभी राहिली. तिच्यासाठी लागणारे भाग रशियात बनत होते.

9 डिसेंबर 2024 रोजी आयएनएस 'तुशील' ही फ्रिगेट कालिनिनग्राद इथे भारतीय नौदलात दाखल झाली, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते. बांधली रशियाने. टर्बाइन्स युक्रेनची. 2014 नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन विकणे बंद केले होते, म्हणून ती भारताने मिकोलायवमधून विकत घेतली आणि रशियन गोदीला बसवायला दिली. तुशीलचे भाग आता कोणत्या पेटीत, कोणत्या भाषेतल्या यादीसह ठेवायचे आणि टर्बाइनचे तास भरले की ते कुठे पाठवायचे, हे प्रश्न कुणीतरी कुठल्याशा डेपोत आजच्या तारखेला सोडवत असेल. 'राजपूत'च्या वेळची माणसे बहुतेक निवृत्त झाली. काहींनी आपल्या वह्या मागे ठेवल्या असतील तर त्या डेपोत त्यांचा उपयोग होईल.